कोमट पाण्याचा इतिहास



वऱ्हाडांत राहणाऱ्या माणसानें उन्हाचे गुण गावे, हें कांहींसें धाडसाचेंच काम आहे. मे महिन्यांत जेथें पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळतो, जेथें भर दुपारीं अकोल्याच्या बाजारपेठेंत चिटपांखरूंहि फिरकत नाहीं, तेथें सूर्याजवळ आणखी उष्णता मागणारा मनुष्य विक्षिप्त ठरला तर नवल नव्हे. परंतु हाच वऱ्हाड पौषांत पहांटे दहा-बारा अंशांवर उतरतो. कोरड्या हवेच्या या प्रदेशांत उघड्या हौदाचें पाणी तेव्हां असें गार पडतें कीं, पोहण्याची हौस असलेला मनुष्यसुद्धां कांठावर बसून पाय तेवढे भिजवितो आणि परत फिरतो. अमरावतीच्या माझ्या एका स्नेह्यांनीं घरामागें पोहण्याचा एक लहानसा हौद बांधला आहे. त्यांचे वडील, ज्यांना आम्ही सर्वजण आबाजी म्हणतों, पंचाहत्तरीच्या घरांत आहेत. गुडघ्यांच्या दुखण्यासाठीं त्यांनीं रोज अर्धा तास पाण्यांत चालावें असें डॉक्टरांनीं सांगितलें. आणि थंडीच्या ज्या महिन्यांत गुडघे अधिक दुखतात, नेमक्या त्याच महिन्यांत हौद निरुपयोगी होऊं लागला. विजेनें पाणी तापविण्याचा खर्च ऐकून स्नेही माझ्याकडे आले व म्हणाले, "ऊन तर फुकट आहे. घरच्या घरीं कांहीं करतां येईल काय?"

त्या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां मी जुन्या पुस्तकांत शिरलों, आणि सूर्याच्या उष्णतेनें पाणी तापविण्याची जी हकीकत मला तेथें आढळली ती आज आपणांस सांगावयाची आहे. हौदाचें काय झालें तें ओघानें येईलच.

या हकीकतीचा आरंभ आपल्याच अंगणांत होतो. तान्ह्या मुलाच्या न्हाण्यासाठीं सकाळीं दहाच्या सुमारास तांब्याचें घंगाळ भरून उन्हांत ठेवावयाचें, धूळ पडूं नये म्हणून वर पातळ फडकें बांधावयाचें, आणि दुपारीं कोपर बुडवून पाणी पाहावयाचें, ही रीत महाराष्ट्रांतील कितीतरी घरांत अगदीं अलीकडेपर्यंत होती. क्वचित् अजूनहि आहे. कोपरच कां, हात कां नव्हे? तर तळहात कामानें राठ झालेला असतो आणि कोपराजवळची कातडी कोवळी असते. म्हणजे उष्णतामापकहि घरचाच. ज्या बाईनें धाब्यावर पापड, कुरडया आणि सांडगे वाळत घातले तिनेंच हें घंगाळहि मांडलेलें असे, आणि कोणत्या वस्तूला किती ऊन पुरतें याचा तिचा हिशेब सहसा चुकत नसे. तिनें सूर्याजवळ उकळतें पाणी कधीं मागितलें नाहीं. तिला कोमट पाणी हवें होतें, आणि तेवढें तिला बिनखर्चानें मिळत होतें. ही गोष्ट श्रोत्यांनीं मनांत ठेवावी; कारण पुढच्या मोठमोठ्या विद्वानांच्या खटपटींत नेमकी हीच हरवलेली दिसते.

मोठ्या माणसांच्या स्नानासाठीं मात्र उन्हाचा आश्रय कोणीं केला नाहीं. तेथें बंब. वऱ्हाड हा कापसाचा प्रांत. वेचणी संपली कीं शेतांतल्या पऱ्हाट्या उपटून गाड्या भरभरून घरीं आणावयाच्या आणि परसांत त्यांच्या गंजी रचावयाच्या, हा येथला वर्षाचा क्रम. पऱ्हाटी भडकन् पेटते आणि लवकर विझते, म्हणून चुलीपेक्षां ती बंबालाच अधिक मानवते. मूठभर पऱ्हाट्या खालीं सारल्या, पोटांतल्या नळींतून धूर निघूं लागला, कीं थोड्याच वेळांत पाणी कढत होई. एवढी सोय हाताशीं असतां तीन-चार तास सूर्याची वाट पाहत कोण बसेल? राजेरजवाड्यांचीहि गोष्ट निराळी नव्हती. सातपुड्याच्या पलीकडे बऱ्हाणपुरच्या शाही किल्ल्यांत मोगलांचा हमामखाना आहे. तेथलें पाणीहि तापे तें जाळावरच. मोर्शी तालुक्यांत सालबर्डीला पृथ्वीच्या पोटांतूनच ऊन पाण्याचा झरा येतो, पण असलें भाग्य गांवोगांव कोठून असणार?

आतां थोडें बाहेर जाऊं. इ. स. १७६७ मध्यें जिनीव्हाच्या होरेस-बेनेदिक्त द सोस्यूर या शास्त्रज्ञानें कांचेच्या पांच पेट्या एकींत एक बसवून उन्हांत ठेवल्या. कांच ऊन आंत येऊं देते, परंतु आंतल्या तापलेल्या पदार्थाची उष्णता सहजासहजीं बाहेर सोडीत नाहीं. त्यामुळें सर्वांत आंतली पेटी सर्वांत अधिक तापली. पुढें त्यानें आंतून काळी केलेली लांकडी पेटी घेतली, तिच्याभोंवतीं उष्णता अडविणारा पदार्थ भरला, वर कांचा लावल्या, आणि आंतील उष्णता उकळत्या पाण्याच्याहि वर नेली. १८३० नंतरच्या दशकांत सर जॉन हर्शेल हे ज्योतिषी आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशीं ताऱ्यांचे वेध घेत होते. तेथें त्यांनीं अशाच पेटींत अंडीं भाजलीं आणि मांस व भाज्या शिजवून पाहुण्यांना खाऊं घातल्या. फ्रान्समधील तूर येथले गणिताचे अध्यापक ऑग्युस्तँ मूशो यांची मजल तर वाफेपर्यंत गेली. धातूच्या चकचकीत नरसाळ्यानें ऊन एकत्र करून त्यांनीं बाष्पपात्र तापविलें, यंत्र चालविलें, आणि १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनांत सूर्याच्या उष्णतेवर चक्क बर्फ करून दाखविला. उन्हानें बर्फ करणाऱ्या माणसाला सुवर्णपदक मिळालें यांत आश्चर्य कसलें!

मूशोंची कीर्ति मुंबईस पोहोंचली होती. तेथें हायकोर्टांत विल्यम ॲडम्स या नांवाचे डेप्युटी रजिस्ट्रार होते. दिवसभर दाव्यांचे कागद चाळणाऱ्या या गृहस्थाला सूर्याच्या उष्णतेचा छंद जडला, आणि १८७६ ते १८७८ या दोन वर्षांत त्यानें जें केलें तें आपल्या मुंबई इलाख्याच्या इतिहासांत ठळक अक्षरांनीं लिहावयास हवें होतें. ज्या पॅरिस प्रदर्शनाचा मीं आतांच उल्लेख केला त्याच वर्षीं, १८७८ मध्यें, ॲडम्ससाहेबांचें पुस्तक मुंबईंतच छापलें गेलें. 'सूर्याची उष्णता : उष्ण देशांतील जळणाला पर्याय' अशा अर्थाचें त्याचें इंग्रजी नांव आहे.

मूशोंच्या नरसाळ्यांत ॲडम्स यांना दोन दोष दिसले. चांदीचा मुलामा दिलेला धातू मुंबईच्या खाऱ्या दमट हवेंत लवकर काळवंडणार. आणि असें नरसाळें फार मोठें करूं गेलें तर तें अवजड होऊन सूर्याबरोबर फिरवितांच येणार नाहीं. यावर त्यांनीं काढलेली तोड अगदीं साधी होती. एक मोठा वांकडा आरसा करण्याऐवजीं लहान लहान सपाट आरसे घ्यावयाचे, सुमारें सतरा इंच लांब आणि दहा इंच रुंद, म्हणजे बाजारांत कोणालाहि मिळतील असे. ते एका चौकटीवर असे बसवावयाचे कीं, प्रत्येकाचा कवडसा एकाच जागीं पडावा. लहानपणीं शाळेंत आरशाचा कवडसा मास्तरांच्या पगडीवर पाडण्याचा खेळ आपल्यापैकीं कोणीं केला नसेल? ॲडम्स यांनीं तोच खेळ अनेक आरशांनीं एकदम खेळला. वीस फूट अंतरावर ठेवलेल्या लांकडानें पेट घेतला. मग त्यांनीं आरसे वाढविले, बाष्पपात्र एका जागीं स्थिर ठेवलें, आणि आरशांची चौकट त्याच्याभोंवतीं अर्धवर्तुळांत घातलेल्या मार्गावरून सरकेल अशी व्यवस्था केली. सूर्य पुढें सरके तसतशी ती चौकट एक मजूर थोड्या थोड्या वेळानें ढकलीत असे. मिडल कुलाब्यांतील त्यांच्या बंगल्याच्या आवारांत या उन्हाच्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचें पंपाचें यंत्र चाललें, आणि मुंबईकरांना तें पाहावयास बोलावण्यांत आलें.

आज स्पेनमध्यें सेव्हिल शहराजवळ २००७ सालीं उभारलेला उंच मनोरा आणि त्याच्याकडे तोंड करून पसरलेलें सपाट आरशांचें शेत यांचीं चित्रें पाहतांना मला राहून राहून कुलाब्याच्या त्या आवाराची आठवण येते. तत्त्व तेंच. मजुराच्या जागीं विजेचीं यंत्रें आलीं, एवढाच फरक.

ॲडम्ससाहेबांची चूल मला त्यांच्या यंत्राहूनहि अधिक आवडते. आठ बाजूंचें एक लांकडी नरसाळें, आंतून आरसे लावलेलें. मध्यें तांब्याचें भांडें आणि त्यावर कांचेचें झांकण. या चुलीवर जानेवारी महिन्यांत, म्हणजे मुंबईच्या अत्यंत थंड काळांत, सात शिपायांचा मांस व भाज्यांचा शिधा दोन तासांत शिजला. मुंबईंत लांकूड किती महाग आहे, आणि उष्ण देशांतील फौजांना व गिरण्यांना या शोधाचा किती उपयोग होईल, हें त्यांनीं कळकळीनें मांडलें. तो काळहि ध्यानांत घ्यावा. १८७६ ते १८७८ हीं दक्षिणेंतील भयंकर दुष्काळाचीं वर्षें. अशा वेळीं एक मनुष्य मुंबईंत बसून सांगत होता कीं, तुमच्या डोक्यावर जें आग ओकतें आहे तेंच तुमचें जळण आहे.

त्याचें कोणीं ऐकलें नाहीं. कां ऐकलें नाहीं याचें उत्तर शोधावयास वऱ्हाडाइतकी चांगली जागा दुसरी नाहीं. १८५३ मध्यें वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारांत आला. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चालू होतें आणि लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना. तेव्हां वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्यें आगगाडी अकोला, बडनेरा या मार्गानें नागपुरास पोहोंचली. १८७० मध्यें लॉर्ड मेयो यांनीं स्वतः येऊन खामगांवचा फाटा उघडला. सरकी काढण्याचे जिन आणि गांठी दाबण्याचे प्रेस यांचीं धुराडीं अकोला, अमरावती, खामगांव येथें उभीं राहूं लागलीं, आणि आपल्या प्रांतांत वाफ आली ती कोळशाच्या पाठीवर बसून आली. जवळच चांदा जिल्ह्यांत वरोऱ्याची खाण १८७० नंतरच्या दशकांत चालू झाली होती. रूळ तयार, डबे तयार, खाण तयार; कुलाब्याच्या आरशांकडे कोणाचें लक्ष जावें?

विचार केला तर जिनचा हंगाम दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंतचा, आणि त्या दिवसांत वऱ्हाडचें आकाश कसें असतें हें आपणांस सांगावयास नको. आरशांवर जिन चालवावयाचा झाला असता तर त्यासाठीं याहून चांगला मुलूख मिळाला नसता. तथापि मी व्यापाऱ्यांना दोष देणार नाहीं. अडीच अश्वशक्ति म्हणजे जिनच्या मानानें खेळणें. सूर्य मावळला कीं काम बंद. आणि आरसे पुसावयास व फिरवावयास माणसें हवींत तीं निराळींच. कोळशाशीं वाफेच्या मैदानांत कुस्ती खेळून सूर्य हरला, हें योग्यच झालें असें मला वाटतें. हळहळ वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. वाफेचा नाद फसला म्हणून लोकांनीं उन्हाची सारीच वाट सोडली, आणि सात शिपायांची ती चूलहि वाफेबरोबर अडगळींत गेली.

कोमट पाण्याची आठवण प्रथम अमेरिकेंतील व्यापाऱ्यांना झाली. तिकडे लोक शेताच्या कडेला पाण्याच्या टांक्या काळ्या रंगवून उन्हांत ठेवीत. संध्याकाळीं अंघोळीस पाणी मिळे, पण तें तापावयास दुपार उलटे आणि सूर्य मावळतांच निवे. १८९१ मध्यें बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यानें असल्या टांक्या कांचेच्या पेटींत बसवून त्यांचें पेटंट घेतलें. सोस्यूरची पेटी आणि शेतकऱ्याची काळी टांकी यांचें हें लग्नच म्हणावयाचें! तरीहि रात्रीं पाणी निवे तें निवेच. १९०९ मध्यें कॅलिफोर्नियांतील विल्यम बेली यानें तापविण्याची जागा आणि साठविण्याची जागा निराळी केली. खालीं कांचेच्या पेटींत तांब्याच्या नळ्या. वर भोंवतालीं कपडा-गादीसारखें उष्णतारोधक आवरण घातलेली टांकी. तापलेलें पाणी हलकें होऊन आपोआप वर चढतें व गार पाणी खालीं उतरतें, म्हणून पंपाचीहि गरज नाहीं. रात्रीं पाणी ऊन राहूं लागलें आणि लोकांना ती योजना मनापासून आवडली. पण पुढें १९२० नंतर लॉस एंजल्सच्या भोंवतालीं स्वस्त ज्वलनवायु सांपडला आणि कॅलिफोर्नियांतला हा धंदा बसला. वऱ्हाडांत कोळशानें जें केलें तेंच तेथें वायूनें केलें.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनें सूर्यचूल काढली. ती फारशी खपली नाहीं. १९७३ मध्यें खनिज तेलाच्या किंमती भडकल्या तेव्हां सर्व जगाला पुन्हां सूर्याची आठवण झाली. १९८२ मध्यें भारत सरकारनें अपारंपरिक ऊर्जेसाठीं स्वतंत्र खातें काढलें, आणि बेलीच्या त्या जुन्या कल्पनेचीं नातवंडें पुण्या-बंगळुरांतील गच्च्यांवर दिसूं लागलीं. मराठी माणसानें या नव्या पाहुण्याला नांव दिलें तें मोठें गोड आहे. त्याला तो 'सौर बंब' म्हणतो. पऱ्हाट्या गेल्या, धूर गेला, बंब राहिला.

आतां हौदाकडे वळावयास हरकत नाहीं.

स्नानाचें पाणी आणि पोहण्याचें पाणी यांत मोठा भेद आहे. स्नानाला एक-दोन बादल्या पाणी पुरतें, पण तें चांगलें कढत लागतें. हौदांत पाणी हजारों लिटर असतें, पण तें २७-२८ अंशांवर गेलें कीं काम झालें. म्हणून हौदासाठीं कांच नको, तांबें नको, आरसे तर मुळींच नकोत. पाणी भोंवतालच्या हवेपेक्षां फारसें ऊन व्हावयाचें नसेल तर उष्णता निसटून जाण्याची भीतीच थोडी, आणि मग उघड्यावर पसरलेली काळी नळीहि पुरते. १९७० च्या आसपास कॅलिफोर्नियांत काळ्या प्लास्टिकचे तक्ते करून त्यांतून हौदाचें पाणी फिरविण्यास सुरुवात झाली ती याच विचारानें. आपल्या वऱ्हाडांत ही काळी नळी बाजारांत शोधावयास नको. मोर्शी, वरुड, अचलपूर या भागांतील संत्र्यांच्या बागांत ठिबकासाठीं ती मैलोगणती पसरलेली आहे. आणि दुपारीं ठिबक चालू केल्यावर पहिलें पाणी हाताला कसें चटका देतें, हें प्रत्येक बागाईतदार जाणतो. त्या नळींत मिसळलेली काजळी ऊन शोषून घेते आणि उन्हापासून प्लास्टिकचें रक्षणहि करते. ठिबकाचीं भोकें नसलेली साधी नळी तेवढी मागून घ्यावी लागते.

थोडा हिशेब सांगतों, कंटाळूं नये. स्नेह्यांचा हौद ६ मीटर लांब, ३ मीटर रुंद व सरासरी १.२ मीटर खोल आहे. त्यांत २१,६०० लिटर पाणी मावतें. तें एका अंशानें तापवावयास सुमारें २५ युनिट विजेइतकी उष्णता लागते. दक्षिणेकडे तोंड करून कलती ठेवलेली एक चौरस मीटर जागा वऱ्हाडच्या स्वच्छ हिवाळी दिवसांत पांच-साडेपांच युनिट ऊन झेलते. आम्हीं गच्चीवरची १२ चौरस मीटर जागा घेतली. पडलेल्या उन्हापैकीं निम्में जरी पाण्यांत उतरलें तरी रोज सव्वा अंश पदरांत पडावा. कलतें किती ठेवावें याचाहि नियम आहे. अमरावती विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें २१ अंशांवर आहे. मेच्या पंचविशीला सूर्य येथें थेट डोक्यावर असतो, पण डिसेंबरच्या अखेरीस तो दुपारींहि क्षितिजापासून ४५-४६ अंशांपर्यंतच चढतो. हिवाळ्यासाठीं तक्ता म्हणूनच ३५ अंशांच्या आसपास उभा करावयाचा.

आम्हीं १६ मिलिमीटर जाडीची साडेसातशें मीटर नळी आणली. दोन दिवस खपून जिलबीसारखीं वेटोळीं घातलीं, एक टोंक पंपाला जोडलें, दुसरें हौदांत सोडलें. दुपारीं पंप चालू केला आणि दुसऱ्या टोंकांतून जें पाणी आलें त्याखालीं स्नेह्यांनीं हात धरला तो झटक्यानें मागें घेतला. आनंदाला पारावार राहिला नाहीं. चहा झाला. शेजारीपाजारी पाहून गेले. तीन दिवसांनीं हौदांत उष्णतामापक बुडविला. पारा होता तेथेंच, १९ अंशांवर.

झालें होतें तें असें. साडेसातशें मीटरच्या एका बारीक नळींतून पाणी रेटतां रेटतां पंपाचा जीव मेटाकुटीस येत होता, आणि शेवटीं करंगळीएवढी धार पडत होती. धार कढत होती खरी, पण ती कढत होती याचाच अर्थ नळी वाऱ्याला उष्णता देऊन बसली होती. जी वस्तु जितकी अधिक तापते तितकी ती भोंवतीं उष्णता उधळते. मूशो आणि ॲडम्स यांच्या वाफेच्या मोहाला मीं आतां पुष्कळ नांवें ठेवलीं, आणि आमच्या गच्चीवर आम्हीं दोघांनीं तेंच केलें होतें.

मग जिलबी उलगडली. नळीचे पन्नास-पन्नास मीटरचे पंधरा तुकडे केले. खालीं एक जाड आडवी नळी आणि वर एक, अशा दोघींच्या मध्यें ते पंधराहि तुकडे शेजारीं-शेजारीं जोडले. पाणी खालून एका कोपऱ्यांतून आंत जावें आणि वर तिरप्या समोरच्या कोपऱ्यांतून बाहेर पडावें, म्हणजे सर्व तुकड्यांना सारखा वांटा मिळतो आणि आंत अडकलेली हवाहि वर निघून जाते. आतां तासाला दोन हजार लिटरांहून अधिक पाणी फिरूं लागलें. आबाजी काठी टेकीत आले, परतणाऱ्या पाण्याखालीं हात धरला, आणि निराशेनें म्हणाले, "हे तं कोमटई नाई, बाप्पा!" त्यांचें म्हणणें खरें होतें. गेलेल्या पाण्यापेक्षां आलेलें पाणी जेमतेम दोन अंश ऊन होतें. पण संध्याकाळीं हौदाचा पारा एक अंश वर चढलेला दिसला.

आणि सकाळीं तो पुन्हां खालीं! येथें माझ्या स्नेह्यांचा हट्ट आड आला होता. हौदावर पांघरूण घाला असें मीं पहिल्या दिवशींच सांगितलें होतें. त्यांना तें दिसावयास वाईट वाटे. माठांतलें पाणी गार कां होतें हें आपण सर्व जाणतों. बाहेर झिरपलेलें पाणी वाफ होऊन उडतांना उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जातें. एक लिटर पाणी उडालें तर तें सुमारें ५८० लिटर पाणी एका अंशानें गार करण्याइतकी उष्णता नेतें. वऱ्हाडच्या कोरड्या हवेंत उघडा हौद म्हणजे एक मोठा माठच होय. दिवसाकाठीं चार मिलिमीटर पाणी उडालें तर आमच्या हौदांतून ७२ लिटर गेलें, आणि त्याबरोबर जवळजवळ दोन अंश गेले. म्हणजे साडेसातशें मीटर नळी दिवसभर तापून जें मिळवीत होती त्याहून अधिक! एरव्हीं ही तूट हौदावर पडणारें ऊन भरून काढतें, म्हणून पाणी १९-२० वर टिकतें इतकेंच. ज्यांना असा उद्योग करावयाचा असेल त्यांनीं नळीपूर्वी पांघरूण घ्यावें. बुडबुड्यांचें जाड प्लास्टिक मिळतें तें पाण्यावर नुसतें तरंगत ठेवलें तरी पुरतें. तें आणल्यावर मात्र पारा रोज एकेक पायरी चढला, आणि आठवड्याच्या अखेरीस २६ वर आला. संक्रांतीच्या सुमारास तो २७ वर होता. आबाजी दुपारीं चार वाजतां पाण्यांत उतरूं लागले. पहिल्या दिवशीं दहा मिनिटें. महिना-अखेर पुरता अर्धा तास.

दुसरी काळजी पंपाची. गच्चीवरची नळी हौदापेक्षां ऊन असेल तेव्हांच तो चालला पाहिजे. ढग आले किंवा दिवस कलला कीं बंद. हें काम करणारें लहानसें स्वयंचलित उपकरण मिळतें, पण आमच्याकडे पहिला महिनाभर स्नेह्यांच्या धाकट्या मुलीनें तें केलें. शाळेंतून आल्यावर ती नळीला हात लावून पाही आणि बटण दाबी. एके दिवशीं ती विसरली. पंप रात्रभर चालला आणि सकाळीं हौद अडीच अंशांनीं उतरला होता. काळी नळी दिवसा जशी उष्णता घेते तशी रात्रीं ती निरभ्र आकाशाकडे फेंकूनहि देते. मुलगी रडवेली झाली. आबाजींनीं तिची समजूत घातली, आणि त्या रात्रीची नोंद मीं माझ्या वहींत करून ठेवली.

ती नोंद मेमध्यें कामास आली. तेव्हां पांघरूण काढून टाकलेलें असूनहि हौदाचें पाणी ३३ अंशांवर गेलें होतें आणि त्यांत उतरण्यांत कसलेंच सुख राहिलें नव्हतें. आम्हीं पंप दिवसा बंद ठेवला आणि रात्रीं दहाला चालू केला. पहांटे पांच वाजतां आबाजी हौदावर आले तेव्हां पारा ३१ वर होता, आणि ते गच्चीकडे पाहत जरा वेळ उभे राहून मग पायऱ्या उतरले.